तात्यांचा श्वास आन् डाळजचं पोरगं

सणसर

लोकं कुलू-मनालीला जाऊन येत्यात आन् मग वरीसभर फोटो दावत बसत्यात. आमी सणसरवरनं बारामतीला गेलो. लांबी इचाराल तर एस.टी.त बसून शेंगाची पुडी फोडली की पुडी संपायच्या आत स्टँड येतं. तरी मी ह्याला परवासच म्हणतो. ज्या गावाला आपून ट्रॅक्टरचं सामान आणायला, न्हायतर लग्नाचा बस्ता बांधायला जातो, त्याच गावाला पोटात गाठ घिऊन गेलो की रस्ताबी वेगळा दिसतो. पहिल्यांदाच मला कळलं की सणसरपसनं बारामतीपतूर किती खड्डं हायेत. एकेक खड्डा आला की मी तात्यांच्या तोंडाकडं बघायचो.

तात्या म्हंजी माझे वडील. जुनी कावीळ अंगात दबून ऱ्हायली व्हती, तिनं लिव्हर खराब केलं आन् आता त्यात लिंबाएवढी कॅन्सरची गाठ निघाली. लिव्हर थकलंय म्हणून कापाकापी करायची न्हाय, दुसरा विलाज करू, असं बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं व्हतं. म्हणून निघालो.

मी पिंट्या. गावात माझी वळख नकला करणारा म्हणून. तलाठी, बँकेचा मॅनेजर, कारखान्यावरचा काटेवाला, म्हैस, सगळी जमत्यात. म्हैस सगळ्यात भारी जमती, कारण ती नंतर भांडायला येत न्हाय. तात्यांचीबी नक्कल करतो. गणपतीत ती बघायला लोकं निमगाव केतकीवरनं आली व्हती. तात्या काय आले न्हाईत.

आता तात्यांची एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच हाय. तात्यांना कुणी काय बी म्हणू द्या, 'व्हय' म्हणल्याबिगर ते सोडणार न्हाईत. वाटंनं जाणारा नुसतं "बसलाय का" म्हणला तरी "व्हय, बसलोय". त्या दिवशी एस.टी.त कंडक्टर वरडला, "चला, पुढं सरका", तर सगळ्यात मागच्या सीटवरनं तात्या, "व्हय सायेब". हाकेला ओ दिली न्हाय म्हंजी समोरच्या माणसाला पायरीवर उभं केलं, असं त्यांचं म्हणणं. गावातली कुत्रीसुदीक त्यांच्या 'व्हय'ला सरावल्यात.

एकट्या मला ते 'व्हय' म्हणत न्हाईत. चा घ्या म्हणलं तर चा घेत्यात, मोटर चालू करा म्हणलं तर करत्यात, पण तोंड उघडत न्हाईत. आईनं एकदा ह्याचं कारण इचारलं तर म्हणले, "ह्यो कुणाच्या आवाजात बोलतोय तेच कळत न्हाय. मग उत्तर द्यायचं कुणाला?"

ठीक हाय. मी काय मनाला लावून घेतलं न्हवतं. बारामती यिस्तवर.

बारामती, सुईचा दिवस

बारामतीत सकाळी सकाळी माणसं नुसतीच चालत्यात. कुठं जायचं न्हाय, काय आणायचं न्हाय, पायात पांढरी बुटं घालून सरळ जात्यात आन् तितनंच माघारी येत्यात. आमी दवाखान्यामागं एक खोली घेतली व्हती. तात्या पहिल्या सकाळी दारात उभं राहून एकेकाला इचारत व्हते, "गाडी बंद पडली का?" एकजण थांबला आन् म्हणला, "नाही काका, वॉक." तात्या म्हणले, "व्हय व्हय," आन् माझ्याकडं न बघता चूळ भरली.

दुसरी गंमत म्हंजी हितं कुणी कुणाचा म्हणून इचारत न्हाय. आपल्याकडं माणूस दिसला की कुठला, कुणाचा, सोयरं कोण. हितं इचारत्यात, "पेशंट कोण?" मी दोनदा सांगितलं की मी न्हवं, तरी नर्सबाई माझाच हात धरून वजनकाट्यावर न्यायला लागली. माझं तोंडच तसं झालं आसंल.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चितार काढून समजावलं. सुई पोटातनं बारीक नेमानं गाठीपतूर न्यायची. सुईच्या टोकाला उष्णता तयार व्हती, अन्न गरम करायच्या मशीनसारखी. गाठ आतल्या आत शिजून मरती. "पण एक आहे," बाई म्हणाल्या, आन् गाठीच्या एका कडंला पेनानं जाड रेघ मारली. "इथून मोठी रक्तवाहिनी जाते. म्हणून सुई झाली की या कडेला किरणं द्यायची. दोन्ही मिळून एकच उपचार आहे. अर्धा करून थांबायचं नाही."

"व्हय बाई," तात्या म्हणले. त्यांना काय बी कळलं न्हवतं. 'व्हय' म्हंजी कळलं असं न्हाय, हे बाईंना कोण सांगणार?

आन् तितंच, पॅसेजमधल्या बाकावर, तो बसला व्हता.

दिगंबर नाव. डाळजचा. माझ्याच वयाचा, पण केसाला तेल, शर्टाची घडी मोडलेली न्हाय, बाह्या दोन्ही सारख्या दुमडलेल्या. त्याच्या आईची छातीच्या गाठीची सलाइनमधली औषधं चालू व्हती, किरणं नंतर व्हायची. तात्यांनी पाण्याचा नळ कुठं म्हणून मान फिरवली तर हा उठला, बाटलीतनं कोमट पाणी वतून दिलं आन् म्हणला, "घ्या तात्यासाहेब." तात्यासाहेब! आमच्या सात पिढ्यात कुणी साहेब झालं न्हवतं, ते एका गलासात झाले.

"कुठलं रं बाळा तू?" तात्यांनी इचारलं. मग काय, पाणी पिऊन व्हायच्या आत सोयरीक निघाली. दिगंबरच्या मामाची मेव्हणी आमच्या चुलत आत्याच्या दिराला दिलेली. मी तितं उभा व्हतो, माझ्याबी आत्याचाच दीर व्हता तो, पण सोयरं फकस्त ते दोघंच झाले.

सुईचं काम भूल दिऊन झालं. मी बाहेर बसलो व्हतो. भिंतीवर हसऱ्या लिव्हरचं चितार व्हतं, त्याची नक्कल करायला गेलो तर जमली न्हाय. दिगंबर यिऊन शेजारी बसला, एक वडापाव दिला. मी घेतला. चांगला व्हता. त्याचाबी राग आला.

तात्या शुद्धीवर आले. बाई म्हणाल्या, काम छान झालं, आता चार-सहा आठवड्यांनी किरणांसाठी या. आन् तात्यांनी मला सोडून सगळ्या वॉर्डला सांगितलं, "जळली गाठ. झालं. घरी चला. आता पुन्हा न्हाय यायचं."

भांडण हितनं सुरू झालं. मी समजावलं. बाईंच्या आवाजात, हात हालवून, पेनाची रेघ मारून, सगळं जसंच्या तसं: "इथून मोठी रक्तवाहिनी जाते." शेजारच्या खाटंवरचा म्हातारा हसून हसून खोकला. तात्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी खरं सांगतो, माझ्या डोक्यात दुसरंबी एक व्हतं, पाचटाचं. पाचट पेटवतो तसं सांगायचं, असं मनात जुळवत व्हतो. तवर दिगंबर आईचा डबा घिऊन आत आला आन् खाटंच्या कडंला टेकला.

"तात्यासाहेब, ऊस तुटला की पाचट पेटवता का न्हाय?"

"व्हय."

"सगळं जळतं?"

"पाटाच्या कडंचं न्हाय जळत. वली ऱ्हाती ती पट्टी."

"मग तितनं काय येतं?"

तात्यांनी भिंतीकडचं तोंड हिकडं वळवलं. मग म्हणले, "हराळी. सगळ्या रानात पसरती पुन्हा."

"रक्ताची नळी म्हंजी तसाच पाट हाय. रगात वाहतं तितं गाठ गार ऱ्हाती, पुरती जळत न्हाय. ती पट्टी किरणानं मारायची."

"व्हय रं बाळा," तात्या म्हणले. "मग यायलाच पायजे."

माझ्या तोंडातलं पाचट व्हतं ते! मी पेटवायला काडी काढली आन् ह्यानं फुंकर मारून जाळ केला. तात्या किरणांना तयार झाले, ह्याचा मला आनंद व्हायला पायजे व्हता. झालाबी. पण आनंदाच्या वर हराळी उगवली व्हती, त्याला काय करू?

डाळज

मधल्या आठवड्यांत तात्यांना जरा अन्न लागायला लागलं, तसं त्यांनी फर्मान काढलं, डाळजला जायचं. दिगंबरनं बोलावलंय. त्यांचा आवाज इतका गोड निघाला की मला वाटलं माझ्या लग्नाची पोरगी बघायला चाललोय.

भिगवणवरनं हायवेला लागलं की डाळज लांब न्हाय. एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला उजनीचं पाणी असं पसरलेलं, की पलीकडचा काठ म्हंजी नुसती एक निळी रेघ. आमच्या सणसरला पाणी म्हंजी पाटातलं, पाळीनं येणारं, कुणी चोरलं म्हणून भांडायचं. हितं पाणी उगं पडून हाय आन् त्यावर लांब पायाची गुलाबी पाखरं उभी. फ्लेमिंगो. पुण्याची माणसं तेवढ्यासाठी मोठं कॅमेरे घिऊन येत्यात. पाखरं मान वाकडी करून चिखलात तोंड घालत्यात. मी लगेच एका पायावर उभं राहून करून दावलं. दिगंबरची आई, काकू, आजारी असून इतकी हसली की पदर तोंडाला लावला. तात्या पाण्याकडं बघत ऱ्हायले.

जेवायला चिलापी मासळी तळलेली आन् आमसुलाचं कालवण. बाईंनी तेलकट कमी खा म्हणलं व्हतं, म्हणून काकूंनी तात्यांसाठी तव्यावर नुसती हळद लावून भाजली व्हती, थेंबभर तेलात. आईनं घरनं पिठलं-भाकरीचा डबा दिलेला. तो डबा तात्यांनी उघडलाच न्हाय. म्हणलं आई, तुझ्या वतीनं मीच जळतो.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला मागं गेलो. परत येताना बघतो तर तात्या आन् दिगंबर काठावर उभे. तात्यांनी लुंगी वर खोचली, पोट पुढं काढलं, एक हात कमरंवर आन् दुसऱ्या हातानं हवेत कागद नाचवत काय तरी बोलत व्हते. दिगंबर पोट धरून हसत व्हता. मला वळखायला जरा वेळ लागला. ती तलाठ्याची नक्कल व्हती. तलाठ्याची न्हवं, मी तलाठ्याची करतो तिची. कागद नाचवताना मी डावा डोळा बारीक करतो, त्योबी तात्यांनी केला.

म्हंजी तात्या बघत व्हते. कुठनं, कवा, मला ठाव न्हाय. गणपतीत मांडवामागं उभे असतील. आन् बघून, एवढं पाठ करून, दावलं कुणाला? डाळजच्या पोराला. मी खोकलो तसा तात्यांनी लुंगी सोडली आन् म्हणले, "चला, गाडी जाईल." हे दिगंबरला म्हणले.

बारामती, मापाचा दिवस

किरणांच्या आधी मापं घ्यायचा दिवस असतो. कपड्याचं न्हवं, गाठीचं. बाईंनी सांगितलं, श्वास घेतला की लिव्हर खाली जातं, सोडला की वर येतं. म्हंजी गाठ झोपाळ्यावर बसलेली. किरण नेमकं त्या कडंवर पडायला पायजे म्हणून श्वास घिऊन धरायचा, तेवढ्यात मशीन काम करणार, मग सोडायचा. जितका धरायचा तितकाच दर टायमाला.

तात्यांना आतल्या खोलीत झोपवलं. मशीन चालवणारे सर बाहेर काचंमागं बसले. त्यांच्यापुढं पडदा, पडद्यावर तात्यांचा श्वास लाटंसारखा वर-खाली. समोर माईक. मी आन् दिगंबर दारात. सर चांगला माणूस व्हता, आवाज रेडिओसारखा.

"आजोबा, श्वास घ्या. आणि धरा."

पडद्यावर लाट वर गेली, थांबली, आन् स्पीकरवर आवाज आला, "व्हय सायेब."

लाट कोसळली.

सर म्हणले, "आजोबा, बोलायचं नाही. फक्त धरायचं."

"व्हय सायेब."

"परत. श्वास घ्या. धरा."

"व्हय."

सरांनी आत जाऊन समजावलं. तात्या म्हणले, कळलं, कळलं. सर बाहेर आले. धरा म्हणले. "व्हय सायेब." सर घामाघूम. बाईंना बोलावलं. बाई माईकवर आल्या, "आजोबा, आपल्याला बोलायचं नाहीये हं." स्पीकरवरनं, "व्हय बाई, न्हाय बोलत." मला हसू येत व्हतं. बाई सरांना हळू आवाजात म्हणत व्हत्या, श्वास धरता आला न्हाय तर किरणांचा पट्टा मोठा ठेवावा लागंल, चांगल्या लिव्हरलाबी झळ बसंल, आन् त्यांचं लिव्हर तेवढं सोसणारं न्हाय. म्हंजी एका 'व्हय'पायी पाटाकडंची पट्टी तशीच ऱ्हाणार.

मी बाईंना सांगितलं, त्यांना बोलल्यावर गप बसता येत न्हाय. आपल्याशी कुणी बोलतंय आन् आपून तोंड मिटून पडायचं, हे त्यांच्या अंगातच न्हाय.

बाईंनी दिगंबरकडं बघितलं. सगळ्या दवाखान्याला ठाव झालं व्हतं की आजोबा ह्याचं ऐकत्यात. "तू सांगून बघ." दिगंबर माईकवर वाकला. किती गोड म्हणला, "तात्यासाहेब, श्वास घ्या. धरा."

"व्हय रं बाळा."

लाट ह्या टायमाला सगळ्यात जोरात कोसळली. माझ्या मनात एक बारकी दिवाळी झाली, खोटं कशाला बोलू.

"मी बघू का?" म्हणलं. सरांनी माईक दिला. मी घसा साफ केला आन् बाईंचा आवाज काढला, हुबेहूब, शेवटच्या 'हं'सकट. बाई स्वतःकडंच बघायला लागल्या.

"व्हय बाई," तात्या म्हणले.

मग सरांचा काढला. "व्हय सायेब." कारखान्याच्या काटेवाल्याचा काढला, चुकून. "व्हय राव, आन् तुमी हितं कसं?" बाई हसल्या, पण मला आता हसू येईना. सगळे आवाज संपले. म्हशीचा तेवढा ऱ्हायला व्हता. आतनं तात्यांचा आवाज थकलेला येत व्हता, आन् त्या टेबलावर पातळ चादरीत त्यांचं अंग किती बारीक दिसत व्हतं.

मी माईक धरला आन् मला कळंना की माझा आवाज कसा असतो. रोज बोलतो तरी. शेवटी नुसतं म्हणलं, "तात्या, मी पिंट्या. श्वास घ्या."

लाट वर गेली.

"धरा."

काय बी आवाज न्हाय. स्पीकर गप. लाट वर जाऊन तितंच थांबली, सरळ, टेबलावर फूटपट्टी ठिवल्यासारखी. सर पडद्याकडं बोट दावत व्हते आन् तोंडानं काय बोलत न्हवते. मी बघत ऱ्हायलो. बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला तवा आठवण झाली.

"सोडा."

तात्यांनी सोडला.

"असंच पाहिजे," सर म्हणले. "तू रोज येशील का रे?"

येतो म्हणलं. जलमभर ज्या गप बसण्यावर मी जळत आलो, त्याच गप बसण्यावर तात्यांचा विलाज चालणार व्हता. दिगंबरनं पाठीवर थाप मारली. म्हणला, "तुझंच खरं." त्याच्या आवाजात जरा कुठं तरी खुपल्यासारखं मला वाटलं. वाटलं म्हंजी, मी लई बारकाईनं ऐकलं.

बारामती, किरणांचे दिवस

मग दिवसाआड बारामती. मी माईकवर, तात्या आत. घ्या, धरा, सोडा. एकदाबी आवाज न्हाय. दवाखान्यात माझी वट वाढली. दुसऱ्या पेशंटची माणसंबी इचारायला लागली की ह्या पोराला आमच्याकडं बोलवता का. मी म्हणलं, तुमचा पेशंट ज्याच्याबरबर बोलत न्हाय असा माणूस आधी शोधा.

शेवटच्या दिवशी काकूंचीबी शेवटची पाळी व्हती, म्हणून दिगंबर आलेला. मी माईकवर बसलो, तो माझ्या मागं उभा. घ्या, धरा, सोडा, सगळं झालं. शेवटचा एकच श्वास ऱ्हायला. मी म्हणलं, "तात्या, ह्यो शेवटचा. घ्या. धरा."

आन् स्पीकरवरनं, हळू, "व्हय रं."

लाट पडली. मशीन आपोआप बंद. सरांनी कपाळाला हात लावला. मी मागं बघितलं. दिगंबर हसत व्हता. म्हणला, "मी आलोय हे त्यांना कळलं वाटतं."

"तू तोंड तरी उघडलं का?" मी म्हणलं.

"मगाशी दारात बोललो न्हाय का त्यांच्याशी? तेच डोक्यात असंल."

सर म्हणले, भांडण बाहेर करा, तो श्वास पुन्हा घ्यायचाय. घेतला. ह्या टायमाला तात्या एकदम गप. किरण पडलं. झालं. बाईंनी सांगितलं, काही महिन्यांनी फोटो काढू तवा खरं कळंल, आत्ता सगळं जसं पायजे तसं झालंय. काकूंनी तात्यांना चिलापीचा डबा दिला. तात्यांनी दिगंबरच्या डोक्यावर हात ठिवला. बराच वेळ ठिवला. मी तिकडं बघितलंच न्हाय असं दावलं.

माघारी

एस.टी. भरलेली. कडंला जागा मिळाली, तात्या खिडकीला. बाहेर ऊस चाललेला, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून, आमच्या गाडीला वाट न देता. आमी बारामतीतनं बाहेर पडलो तवा मला ऱ्हाववलं न्हाय.

"तात्या, मगाचं 'व्हय रं' कुणाला व्हतं?"

तात्या खिडकीबाहेर.

"मला का दिगंबरला?"

उसाकडं बघत ऱ्हायले. मी इचार केला, आता हे मरस्तवर कळणार न्हाय. मांडीवर चिलापीचा डबा जड लागत व्हता, डाळजचा. मग माझ्या डोक्यात खोडी आली. मी पुढं वाकलो आन् माईकवर बोलायचो तेवढ्याच आवाजात, माझ्याच, म्हणलं, "तात्या, श्वास घ्या."

छाती वर गेली.

"धरा."

धरला. गाल फुगवून, नजर माझ्याकडं. तेवढ्यात कंडक्टर चिमटा वाजवत आला. "कुठं जायचं, आबा?"

तात्या काय बोलले न्हाईत.

"आबा, कुठलं तिकीट?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळं मोठं झालेलं, मान लाल. कंडक्टर समोर उभा, लोकं बघायला लागलेली, आन् हाकेला ओ न देता ज्याचा कधी एक दिवस गेला न्हाय असा माझा बाप तोंड मिटून माझी वाट बघत व्हता. मी जरा उशीरच केला. डाळजचं पोरगं त्या गाडीत पायजे व्हतं, असं मला लई वाटलं.

"सोडा," मी म्हणलं.

"व्हय सायेब," तात्या कंडक्टरला म्हणले, धापा टाकत. "दोन सणसर." मग माझ्याकडं वळून, "आगाव हाईस तू."